वहीत न लिहिलेली ओळ

वहीवाल्यांना एखाद्या गोष्टीचा विसर पडला, असं त्या इमारतीत कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यांनी सांगणाऱ्यालाच खाली बसवून पाणी पाजलं असतं. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या संस्थेत एकवीस वर्षं ते कॉम्प्युटर, तारा आणि सर्व्हर सांभाळत होते. या एकवीस वर्षांत आपण काय काय केलं ते त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहून ठेवलं होतं. कुठली तार कुठून कुठे गेली, कुठल्या मशीनचा पंखा कधी बदलला, कुणाच्या कीबोर्डवर चहा सांडला आणि तो सांडलाच नाही असं त्याने किती वेळा शपथेवर सांगितलं, सगळं तारखेनिशी. अशा एकेचाळीस वह्या झाल्या होत्या. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते वहीवाले.

माणूस साधा. उंच, जरा पोक काढून चालणारा, कानावर पेन. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, जणू दुकानातून काही आणायचं राहून गेलं असावं. घरी थोरली बहीण होती. ताई शाळेतून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ आणि भावावर जीव टाकणारी. "माझ्या मागे याला कोण जेवायला वाढेल, ते तेवढं याने वहीत लिहून ठेवलेलं नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

वहीवाल्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. गार, अरुंद, सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज दिवसभर. दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, मापखोली. तिथे खिडकीतून भरपूर उजेड यायचा, प्लॅस्टरचा ओलसर वास असायचा आणि एका भिंतीला मोठा आरसा होता. त्या खोलीत मापबाई पायांची मापं घ्यायच्या. उरलेल्या पायाचा घेर चार ठिकाणी, हाड कुठे टोचतं, कातडी कुठे नाजूक आहे, सगळं हातांनी चाचपून. बाईंचा स्वतःचा डावा पाय याच संस्थेत बनलेला होता, एकोणिसाव्या वर्षापासून. "पहिला पाय मला दोन वर्षं चावत होता," त्या सांगायच्या, "माप घेणाऱ्याला घाई होती ना." म्हणून त्या प्रत्येक माप दोनदा घ्यायच्या आणि मगच मशीनमध्ये भरायच्या.

ते माप सर्व्हरवर जायचं. तिथून वर्कशॉपचे मिस्त्री ते उघडायचे आणि पाय बनवायचे. बनला की माणूस परत यायचा, दोन दांड्यांना धरून चालून बघायचा, आणि कुठे दुखलं-खुपलं नाही तर मिस्त्री त्या मापासमोर एकच शब्द टाइप करायचे: 'बसला'. मापबाई रोज सकाळी आल्या की किटलीत पाणी ठेवायच्या आणि ते उकळेपर्यंत या शब्दांचा रकाना वाचायच्या. त्यांचं वर्तमानपत्र तेच. साडेदहाला वहीवाले दोन मजले चढून चहाला आले की बाई सांगायच्या, "काल तीन बसले." त्यावर वहीवाले म्हणायचे, "आपण पण बसू." हा विनोद त्यांनी एकवीस वर्षं चालवला होता आणि बाई एकवीस वर्षं त्याला हसत होत्या, यातच काय ते समजावं.

मग नवा सर्व्हर आला.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, म्हणजे पुढचं नीट कळेल. मशीन एकमेकांना आकड्यांवरून ओळखतात. माणसांच्या लक्षात आकडे राहत नाहीत, म्हणून माणसं सर्व्हरला नाव देतात. या सर्व्हरचं नाव होतं 'मापघर'. कुठल्याही टेबलावर मापघर उघडलं की ते मशीन आधी नावांचा हिशेब ठेवणाऱ्या एका वेगळ्या सर्व्हरला विचारतं, 'बाबा, मापघर राहतं कुठे?' तो आकडा सांगतो आणि मशीन त्या पत्त्यावर जातं. चौकशीच्या खिडकीसारखंच काम. फरक इतकाच की या खिडकीतला माणूस जागेवर सापडतो. जुन्या मापघराचा आकडा नऊने संपायचा. नव्याचा एकवीसने. एका रविवारी वहीवाल्यांनी सगळी जुनी मापं नव्यावर उतरवली आणि नावांच्या सर्व्हरमध्ये आकडा बदलला. सोमवारी अख्खी इमारत नव्या मापघरात गेली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. जुना सर्व्हर तीन आठवडे तसाच चालू ठेवायचा, काही राहिलं असेल तर सापडेल म्हणून; मग तो पुसून एका शाळेला द्यायचा. हे सगळं वहीत लिहिलेलं होतं.

वहीवाले त्या आठवड्यात जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. चहाला वर जायला सवड उरली नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्रींनी खालून फोन केला, "बाई, कालच्या गवंड्याचं माप कुठाय?"

"भरलंय की."

"इथे नाही."

बाईंनी स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलं. होतं. त्यांनी वहीवाल्यांना फोन लावला. वहीवाल्यांनी आपल्या खुर्चीवरूनच मापघर उघडलं, पाहिलं, नव्हतं. "सेव्ह दाबायचं राहिलं असेल, बाई," ते म्हणाले. "परत भरा."

बाईंनी परत भरलं. तेही पोचलं नाही. दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं नाही. बाई आकडे कागदावर लिहून पाठवू लागल्या. मिस्त्री माणूस भला, पण कामात काटेकोर. आठवडाभराने ते म्हणाले, "मशीनमध्ये नाही ते कागदावर कुठून आलं? माझ्यासमोर परत मोजा." मग लांबून आलेली माणसं दुसऱ्यांदा बोलावली गेली आणि मिस्त्री आपल्या मशीनवर स्वतः आकडे भरू लागले. एक म्हातारे गृहस्थ दोन दिवस बाकावर बसून राहिले. दर वेळी बाईंचा फोन, दर वेळी वहीवाल्यांचं खुर्चीवरून बघणं, आणि दर वेळी तेच वाक्य. तिसऱ्या आठवड्यात तर ते, "बाई, जरा लक्ष देऊन करा हो," असंही म्हणाले. बाईंनी फोन ठेवला. नंतर बाईंचा फोनच आला नाही आणि वहीवाल्यांना बरं वाटलं. हे लिहितानाही राग येतो, पण बरं वाटलं हे खरं आहे.

गुरुवारी साहेबांचा कागद निघाला. मापबाईंना सोमवारपासून भांडारात बसवायचं; पट्टे आणि बकलं मोजून द्यायची. साहेबांच्या मनात वाईट नव्हतं. वय झालं, विसर पडतो, रुग्णांना त्रास नको, एवढंच. संध्याकाळी वहीवाल्यांनी जेवताना ताईला सांगितलं.

"त्या विसरतात?" ताईने भाकरी तव्यावरच ठेवली. "तुझ्या मागच्या वाढदिवसाला त्यांनी मला फोन करून आठवण दिली होती. तू स्वतःच विसरला होतास."

"अगं, मशीनमध्ये दिसत नाही म्हटल्यावर..."

"वर जाऊन बघितलंस?"

"खालून सगळं दिसतं."

"खुर्चीवरून फार दिसतं रे तुला," ताई म्हणाली आणि करपलेली भाकरी मुद्दाम त्याच्याच ताटात वाढली.

शुक्रवारी दुपारी एक वाजता जुना सर्व्हर पुसायचा होता. वहीवाल्यांनी तयारी केली. पुसण्याचा प्रोग्रॅम लावला. 'नक्की पुसायचं का?' असा प्रश्न स्क्रीनवर आला, तेवढ्यात दारावर टकटक झाली. मापबाई होत्या. जिना उतरून आल्यामुळे थोड्या दमलेल्या. बदली झाली की पासवर्ड परत करायचा असा नियम होता, आणि तो नियम वहीवाल्यांनीच केलेला. बाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"तुम्हाला फार त्रास दिला मी या महिन्यात," त्या म्हणाल्या.

वहीवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा ना," ते म्हणाले.

बाईंनी पिशवीतून एक छोटी वही काढली. "ही पण ठेवा. नव्या माणसाला उपयोग झाला तर झाला. तुम्ही म्हणालात सेव्ह दाबायचं राहिलं असेल, म्हणून लिहायला लागले. तुमचंच बघून."

वहीवाल्यांनी वही उघडली. बाईंचं अक्षर गोल, सुबक. 'दहा चाळीस. गवंडी, उजवा, गुडघ्याखाली. सेव्ह केलं. पाहिलं, आहे. पुन्हा पाहिलं, आहे.' खाली, 'अकरा पंचवीस. शिंपीण, डावा. सेव्ह केलं. पाहिलं, आहे. चहानंतर पाहिलं, आहे.' पानंच्या पानं तशीच. पुढे पुढे एकेका मापासमोर चार चार वेळा 'आहे' लिहिलेलं. आणि प्रत्येक दिवसाच्या डोक्यावर एक ओळ: 'आज बसला: एकही नाही.'

"हे काय?" त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तेच विचारायचं होतं." बाई खाली बघत म्हणाल्या. "नव्या सर्व्हरवर मिस्त्रींनी 'बसला' लिहिणं बंद केलंय का?"

"नाही तर. कालच साहेबांना मोजून दिले. या आठवड्यात सतरा."

"सतरा?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्याकडे तीन आठवड्यांत एकही नाही. मला वाटलं, माझं माप आता कुणालाच बसत नाही."

वहीवाल्यांनी वही पुन्हा चाळली. विसराळूपणामुळे माणसाचं स्वतःचं लिहिणं राहू शकतं. पण दुसऱ्याने लिहिलेलं दिसेनासं कसं होईल? दोघं एकच यादी उघडतात, एकाला सतरा दिसतात आणि दुसऱ्याला शून्य. म्हणजे यादी एक नाहीच. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. 'नक्की पुसायचं का?' त्यांनी अगदी सावकाश 'नाही' दाबलं.

"बाई, वर चला माझ्याबरोबर."

आधी ते ताडताड सहा पायऱ्या चढले. मग थांबले, खाली उतरले आणि बाईंच्या चालीने दोन मजले चढले.

बाईंच्या मशीनसमोर बसून त्यांनी मापघराला हाक मारली. उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचा आकडा नऊने संपत होता. बाईंचं मशीन तीन आठवडे जुन्या सर्व्हरकडेच जात होतं! बाईंनी केलेलं प्रत्येक सेव्ह खरं होतं; फक्त ते रिकाम्या झालेल्या घरात पडत होतं, जिथे दुसरं कुणी फिरकतच नव्हतं. जुन्यावर लिहिणं बंद करून ठेवायला हवं होतं, तेही वहीवाल्यांकडून राहिलं होतं.

पण पत्ता जुना का? नावांचा सर्व्हर चुकीचं सांगतोय का? त्यांनी त्यालाच थेट विचारून पाहिलं. त्याने एकवीस सांगितलं, बरोबर. मशीनं ऐकलेलं उत्तर काही वेळ ध्यानात ठेवतात. ते असेल म्हणून त्यांनी मशीनला ते सगळं विसरायला लावलं. परत हाक मारली. नऊ. चौकशीची खिडकी एकवीस सांगतेय आणि मशीन नऊकडे जातंय. म्हणजे हे मशीन खिडकीकडे विचारायला जातच नाही. त्याच्या खिशात आधीपासून कुणीतरी चिठ्ठी ठेवलेली आहे.

ती चिठ्ठी कुठे असते हे वहीवाल्यांना ठाऊक होतं. प्रत्येक मशीनमध्ये एक छोटी फाइल असते. तिच्यात नाव आणि आकडा लिहून ठेवला की मशीन बाहेर कुणाला विचारत नाही. त्यांनी ती उघडली. तळाशी एकच ओळ होती. नऊने संपणारा आकडा, मापघर, सहा वर्षांपूर्वीची एक तारीख, आणि पुढे शेरा: 'तात्पुरतं. सोमवारी काढणे.'

असं 'काढणे' लिहिणारा माणूस त्या इमारतीत एकच होता.

त्यांना तो शनिवार आठवला. नावांचा सर्व्हर तापून तासातासाला बंद पडत होता. मापखोलीत एक आई लहान मुलीला घेऊन आली होती, लांबून, आणि त्यांची परतीची गाडी चारची होती. बाईंची यादी उघडत नव्हती. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरगी केव्हाची एका पायावर उभी आहे हो." वहीवाले धावत वर गेले होते आणि बाईंचं मशीन तेवढ्यापुरतं कुणावर अवलंबून राहू नये म्हणून आकडा थेट लिहून टाकला होता. वही खाली राहिली होती. सोमवारी नावांचा नवा सर्व्हर आला, सगळं सुरळीत झालं आणि ती ओळ तशीच राहिली. सहा वर्षं आकडा बरोबर होता, म्हणून कुणाला कळलं नाही.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं. "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता का?"

या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं आहे. नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. त्यात कुणीच काही केलेलं नसतं. वहीवाल्यांनी नुसती मान हलवली असती, ओळ खोडली असती, मापं उतरवून घेतली असती, तरी बाई वाचल्या असत्या आणि तेही. नाही म्हणायला क्षणभर मोह झाला त्यांना.

"नाही बाई," ते म्हणाले. "माझा होता." आणि त्यांनी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला, मग सगळं सांगितलं.

बाईंनी तो शेरा स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "मी घरी गॅस बंद केला का ते चार चारदा उठून बघते. कुलूप लावून परत जिना चढते. मला वाटलं, झालं, आता आपलं डोकं गेलं."

"चुकलं माझं."

"ओळीचं जाऊ द्या. माझ्यासाठीच लिहिली होतीत ती." बाईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज कडक होता. "तुम्ही वर का नाही आलात? तीन आठवडे मी दोन कप मांडत होते."

वहीवाले तसेच उभे राहिले, लहान मुलासारखे, आणि बाईंनी पदराने डोळे पुसले.

मग त्यांनी खाली जाऊन बेचाळिसावी वही काढली, त्या शुक्रवारच्या पानावर सहा वर्षं उशिरा ती नोंद लिहिली आणि खाली तीन आठवड्यांत फोनवर बाईंना काय काय म्हणाले तेही लिहिलं. ते पान उघडं धरून साहेबांच्या खोलीत गेले. मिस्त्रींनाही बोलावलं. जुन्या सर्व्हरवरची बाईंची सगळी मापं छापून त्यांनी टेबलावर पसरली. ज्या सत्तावीस माणसांना परत मोजायला लावलं होतं, त्यांचं पहिलं माप आणि दुसरं माप शेजारी शेजारी ठेवलं.

मिस्त्रींनी चष्मा लावला. पहिली दोन पानं त्यांनी उभ्याने पाहिली, बाकीची खुर्ची ओढून बसून. "आठ-आठ दिवसांनी घेतलेली मापं," ते अखेर म्हणाले, "आणि कुठे केसाचा फरक नाही. साहेब, हा हात भांडारात बकलं मोजायला पाठवता?"

साहेबांनी वहीचं पान दोनदा वाचलं. वहीवाल्यांकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे कित्येक दिवस ती नजर त्यांना आठवणार होती. मग हात पुढे केला. "तो बदलीचा कागद द्या इकडे. आणि त्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगतो."

"मिस्त्रींना पण घेऊन जा," वहीवाले म्हणाले. "आणि तुमच्या आधी मला जाऊ द्या."

त्या दुपारी त्यांनी बाईंच्या मशीनमधली ओळ काढली, मापं नव्या घरात उतरवली आणि यादी उघडून दिली. बाईंनी रकाना वाचायला घेतला. गवंडी, बसला. शिंपीण, बसला. बाकावरचे म्हातारे गृहस्थ, बसला. त्या एकेका नावावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेल्या आणि मग पुन्हा वरून सुरू केलं. दारात साहेब आणि मिस्त्री येऊन उभे होते, पण वहीवाल्यांनी त्यांना मध्ये बोलू दिलं नाही.

सोमवारी साडेदहाला वहीवाले दोन मजले चढून मापखोलीत गेले. आत एक तरुण ड्रायव्हर टेबलावर पाय लांब करून बसला होता. बाईंच्या गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. त्यांनी डोळ्यांनीच स्टुलाकडे खूण केली. वहीवाले बसले. किटलीतलं पाणी कुरकुर करत होतं. बाईंनी चार ठिकाणी घेर घेतला, पुन्हा चारही ठिकाणी घेतला, ड्रायव्हरला विचारलं, "इथे दाबलं तर? आणि इथे?" मग मशीनसमोर बसून आकडे भरले. त्यांची छोटी वही शेजारी होती, पण मिटलेली.

त्यांनी सेव्ह दाबलं, आणि स्क्रीनकडे वळूनही न बघता दोन कप काढायला उठल्या.